ॲंजेलाच्या नावाचा बोर्ड

निर्मळ
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय व्हिव्हियन,

तुला, सुझानला आणि दोन्ही मुलांना माझ्याकडून आठवण. आईच्या गुडघ्यांना नव्या तेलाने आराम पडला का, ते कळव. इकडे मी ठीक आहे. मागच्या आठवड्याच्या वाऱ्यात वाडीतल्या काही केळी आडव्या झाल्या. घड कच्चेच उतरवले आणि शेजारी रेजिनाबाईंकडे दिले. मला एकट्याला किती लागणार.

पत्र पाहून तू हसशील. नंदाखालला सायकलने येता येईल इतक्या अंतरावर राहून हा माणूस पत्र काय लिहितो, असं म्हणशील. पण तुझ्यासमोर बसलो की तू बोलतोस आणि मी ऐकतो, आणि घरी परतल्यावर लक्षात येतं की सांगायला गेलो ते राहिलंच. फोनवर त्याहून वाईट. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं पत्रंच लिहीत आलो, त्यामुळे मला हे सोपं जातं. आधी आपल्या घरच्या बोलीत लिहायला बसलो होतो, पण त्या बोलीत तुझ्याशी परक्यासारखं बोलता येत नाही, आणि मला आज थोडं परक्यासारखं बोलायचं आहे. म्हणून शाळेची मराठी.

ॲंजेलाला जाऊन वर्ष होईल, त्या वर्षाची मिस्सा देवळात ६ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळची, असं फादरांशी ठरवून आलो आहे. चहा आणि खाणं घरीच ठेवू. खुर्च्या तू आण, मागे आणल्या होत्यास तशा. वाचन सुझानने करावं असं मला वाटतं. तिचा आवाज स्पष्ट आहे, आणि ॲंजेला गेल्यावर तिने महिनाभर रोज आमच्याकडे येऊन रोझरीची प्रार्थना घेतली होती ते मी विसरलो नाही.

आता दुसरं. एव्हरशाईनच्या ज्या ऑफिसात आता तू बसतोस, त्यावर ॲंजेलाच्या नावाचा बोर्ड अजून आहे. तो उतरवावा असं मला वाटतं.

तुला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही. शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा मी स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईनला जातो, तिकडे मला काही काम नसतं. समोरच्या बाजूला उसाच्या रसाचं दुकान आहे तिथे उभा राहतो आणि तिचं नाव वाचतो. ‘ॲंजेला क्लेमेंट रुमाव, रेरा नोंदणीकृत एजंट’, खाली नोंदणी क्रमांक. मग परत येतो. कबरीवरही तिचं नाव आहे, पण तिथे दोन तारखा आहेत. बोर्डावर तारीख नाही.

गेल्या शनिवारी एका रिक्षाच्या मागे जाहिरात पाहिली. सातिवलीला नवी इमारत, ताबा लगेच, आणि खाली तिचा क्रमांक आणि तिचा मोबाइल. मोबाइल चालू ठेवला आहेस हे मला ठाऊक नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं फोन करत असतील म्हणून ठेवला असशील.

तिने एजंटच्या परीक्षेचा अभ्यास आमच्या ओट्यावर केला. मी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचो. नोंदणी कोणाची, असं विचारलं की ती म्हणायची, माणसाची, दुकानाची नाही. ज्याची त्याने वापरायची, दुसऱ्याला देता येत नाही. तो प्रश्न परीक्षेत आला म्हणून ती खूश होती. तू दोनदा बसलास आणि दोनदा राहिलास, तेव्हा म्हणाला होतास की ज्यांनी आयुष्यात एक खोली भाड्याने लावली नाही त्यांनी हे प्रश्न काढलेत. ती इतकी हसली होती की तिच्या हातातला चहा सांडला. पण दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी तिनेच परत पुस्तक आणून दिलं. ते तुझ्याकडे असेल. परत बस. पास झालास की तुझ्या नावाचा बोर्ड मी स्वतः रंगवून घेईन.

एक बारीक गोष्ट. ऑफिसात तिचा फोटो आहे, तो काचेतून दिसतो. त्याला हार नाही, पुढे मेणबत्ती नाही. टेबलावर जागा नसेल. मी एक लहान स्टँड आणून देऊ का?

आईला नमस्कार सांग.

तुझा,
क्लेमेंट भावोजी



निर्मळ
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय व्हिव्हियन,

मिस्सेच्या दिवशी तू खूप धावपळ केलीस. खुर्च्या, मंडप, आईला धरून आणणं, सगळं. लोकांनी मला सांगितलं की भाऊ असावा तर असा. मी हो म्हटलं. आजही हो म्हणतो.

त्या दिवशी बोर्डाबद्दल बोलायला मी तुला मागच्या बाजूला नेलं, तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “भावोजी, आज तरी ताईचं नाव पुसायचं बोलू नका.” तू रडत होतास. तुझं रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही कोणालाही सांगेन.

आता जे घडलं ते क्रमाने लिहितो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी शाळेतून येऊन दिवा लावत होतो. फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. साडी ऑफिसला जाणाऱ्या बायकांसारखी, हातात प्लास्टिकची फाइल, आणि चेहरा पार उतरलेला. त्यांनी विचारलं, ॲंजेला मॅडमचं घर हेच ना. मी हो म्हटलं. त्यांनी आत येऊन बसायला नकार दिला. म्हणाल्या, मी बसायला आले नाही, मॅडमना बाहेर बोलवा, त्या ऑफिसात भेटत नाहीत, माझा फोन उचलत नाहीत, रेराच्या वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे हा पत्ता होता म्हणून दोन रिक्षा बदलून आले.

मी दारातून बाजूला झालो. आत भिंतीवर तिचा फोटो, पुढे मेणबत्ती, शेजारी वर्षाच्या मिस्सेचं छापलेलं कार्ड. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि ते कार्ड त्यांनी वाचलं.

मग म्हणाल्या, “पण ह्या गुढीपाडव्याला मी ह्यांच्याशी बोललेय.”

मी म्हटलं, ती मागच्या सप्टेंबरात गेली. डेंग्यू झाला होता.

“नाही हो. पाडव्याला. मी म्हटलं मॅडम आज मुहूर्त आहे, आजच टोकन देतो. त्या म्हणाल्या, द्या ताई, घर तुमच्यासारख्या माणसांनाच मिळायला हवं. मला ताई म्हणाल्या त्या.”

मी त्यांना पाणी दिलं. तेव्हा त्या बसल्या. नाव स्वप्ना. माहेर चिपळूणचं. नवरा श्रीरंग मुंबईला एका औषध कंपनीत कामाला. आजवर नालासोपाऱ्याला भाड्याने राहत होते. सातिवलीच्या त्या इमारतीत मेमध्ये राहायला गेले आणि आता महानगरपालिकेची नोटीस लागली आहे. इमारत अनधिकृत, परवानगीचा कागद खोटा, सगळ्यांनी घरं रिकामी करायची. बांधणाऱ्याचा फोन बंद. त्याचा माणूस हितेश, तोही गायब.

मी त्यांना विचारलं, घेताना काही पाहिलं नाही का. विचारायला नको होतं. त्यांनी फाइल उघडली नाही, नुसती मांडीवर आपटली. “पाहिलं ना. इमारतीचं कळत नाही आम्हाला, पण एजंटचं पाहिलं. ह्यांनी वेबसाइटवर तो नंबर टाकला. नाव आलं, फोटो आला, मुदत संपलेली नाही असं आलं, एकही तक्रार नाही. मग ऑफिसात जाऊन पाहिलं, तर तोच फोटो भिंतीवर. हे म्हणाले, इथल्या गावातली ख्रिश्चन बाई आहे, रविवारी देवळात जाणारी, ही फसवायची नाही.”

तेव्हा मला कळलं की ऑफिसातल्या फोटोपुढे मेणबत्ती का नव्हती. जागेचा प्रश्न नव्हता.

व्हिव्हियन, आपल्याकडे घर देणाराही नंबर बघत नाही आणि घेणाराही बघत नाही, आपण विचारतो कोणाची, कुठल्या गावची. बाहेरून आलेली माणसं गावाला ओळखत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी हा नंबर काढला. त्यांनी तो बघितला, आणि तो अगदी स्वच्छ निघाला, कारण तो जिचा आहे ती स्वच्छ होती. पाच वर्षांची नोंदणी, ती अजून संपायची आहे. मी ती रद्द करायला कळवलं नाही, तूही कळवलं नाहीस. तिकडे बसलेल्यांना कुठून कळणार की माणूस गेलं.

तुला एक आठवण करून देतो. हीच इमारत. तिचा पाया भरत होते तेव्हा हितेश मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे आला होता. अंकल अंकल करत बसला. ॲंजेलाने त्याच्याकडे मंजुरीचे कागद मागितले, तर म्हणाला, “दीदी, आप बस नाम दो, कागद मैं देख लूँगा.” दुसऱ्या दिवशी ती मला स्कूटरवर मागे बसवून सातिवलीला घेऊन गेली. गोडाऊनच्या मधल्या बोळात ती जागा. तिने फक्त पाहिलं. परत येताना तो डबा त्याच्या ऑफिसात ठेवून आलो, न उघडलेला. तू तेव्हा तिला म्हणालास की अशाने धंदा होत नाही. ती म्हणाली, नाही होत.

जाताना स्वप्नाबाई फोटोकडे पाहून थांबल्या. मला वाटलं हात जोडतील. जोडले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ऑफिसातून एक फोन केला. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तू बोर्ड उतरव. मोबाइल बंद कर. त्या बिऱ्हाडांना जाऊन भेट आणि खरं काय ते सांग. हे तू केलंस तर मी तुझ्यासोबत येईन, तू बोलू नकोस, या वेळी मी बोलेन. नाही केलंस तर मला काय करावं लागेल ते मला अजून माहीत नाही. माहीत नाही असं लिहिलं, पण आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
क्लेमेंट



निर्मळ
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय व्हिव्हियन,

मागची दोन्ही पत्रं मी शाळेत मुलांच्या हाती दिली होती. हे पोस्टाने पाठवतो आहे, कारण आई आता मुलांना माझ्या हातून काही घेऊ देणार नाही.

तुम्ही सगळे कसे आहात हे विचारायचा मला हक्क नाही. तरी आईच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आणून ठेव. आगाशीच्या दुकानात मिळतात, त्याच कंपनीच्या घे, दुसऱ्या दिल्या की तिला चक्कर येते.

पोलीस माझ्याकडे आले होते हे तुला ठाऊकच आहे. त्यानंतरच तू आईला घेऊन आलास. त्या इमारतीतल्या लोकांनी मिळून तक्रार दिली, तिच्यात बांधणारा, हितेश, आणि तिसरं नाव ‘ॲंजेला क्लेमेंट रुमाव, एजंट’. हवालदार चांगला माणूस होता, वयाने माझ्याएवढा. दारातून म्हणाला, मॅडम आहेत का. मग त्याने फोटो पाहिला आणि टोपी काढली. म्हणाला, मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात या, जबाब द्या, कधी गेल्या, काय काम बघत होत्या, नंतर ऑफिस कोण बघत होतं.

त्याच आठवड्यात तू आलास. तू काय म्हणालास ते मी इथे परत लिहितो, कारण मला बरोबर समजलं ना, याची मला अजून खात्री वाटत नाही. तू म्हणालास की मी जबाबात सांगावं, ही इमारत ताईनेच घेतली होती, गिऱ्हाइकांशी बोलणी तिच्याच वेळची, तू नंतर फक्त चाव्या दिल्यास. पाडव्याचा फोन कोणी सिद्ध करू शकत नाही. मी म्हटलं, तिने ती इमारत नाकारली होती. तू म्हणालास, ते फक्त आपल्या घरात माहीत आहे.

आणि मग म्हणालास, “भावोजी, मेलेल्या माणसाला कोण पकडणार? तिच्या नावावर राहू द्या. सगळे सुटतो.”

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती तुला थोबाडीत मारेल. ती म्हणाली, “ती असती तर भावासाठी तिने स्वतःवर घेतलं असतं.”

हे खरं आहे, व्हिव्हियन. म्हणूनच मला इतके दिवस झोप लागली नाही. आई खोटं बोलली असती तर सोपं गेलं असतं. ॲंजेलाने घेतलं असतं. तुला ओरडली असती, तुझ्याशी बोलली नसती, आणि ठाण्यात जाऊन म्हणाली असती की ऑफिस माझं, जबाबदारी माझी. लहानपणी तू फादरांच्या बागेतले चिकू तोडलेस तेव्हा तिने छड्या खाल्ल्या, ही गोष्ट तुमच्या घरात मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकली आणि नंतर दर नाताळला ऐकली.

पण घेतलं असतं तर तिने घेतलं असतं. इथे आपण तिच्यावर टाकणार होतो. तिला विचारून नाही. तिला नाही म्हणता येत नाही म्हणून.

मी आईला एवढं उत्तर देऊ शकलो नाही. नेहमीसारखा गप्प बसलो, आणि तू त्याला होकार समजून माझे हात हातात घेतलेस. तू गेलास तेव्हा तुझा चेहरा किती हलका झाला होता ते मी पाहिलं. फाटकाशी वळून तू म्हणालास, “पुढच्या वर्षी मी पण परीक्षा देतो, बघा.” त्या वेळी मी तुला हाक मारायला हवी होती.

आता त्या फोनबद्दल लिहितो. हे तुला माहीत नसावं. सुझानने सांगितलं असतं तर तू माझ्याकडे तसा आला नसतास.

मी ॲंजेलाच्या मोबाइलवर फोन लावला. शाळेच्या ऑफिसातून, मधल्या सुट्टीत. ती असताना मी रोज याच वेळी लावायचो. का लावला ते सांगता येत नाही. स्वप्नाबाई म्हणाल्या म्हणून खात्री करायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. दोन रिंगनंतर उचलला. “हॅलो, ॲंजेला बोलतेय.”

सुझानचा आवाज मला ओळखू येणार नाही का. महिनाभर माझ्या घरात ‘नमो मरिये’ म्हणणारा आवाज. पण ती ॲंजेलासारखी बोलली, शेवटी जरा वर नेऊन, ॲंजेला नेत असे तसं. तिने ते शिकून घेतलं असेल किंवा इतक्या वर्षांत लागलं असेल. मला राग यायला हवा होता. मी तो क्षणभर ऐकत राहिलो. मग माझ्या तोंडून नेहमीचं निघालं. मी म्हटलं, “जेवलीस का?”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं ती ठेवून देईल. मग ती तिच्या स्वतःच्या आवाजात, हळू, म्हणाली, “नाही अजून.” आणि फोन ठेवला.

तेव्हापासून देवळात ती मला बघून दुसऱ्या दाराने जाते. तिच्यावर रागावू नकोस. हे तिच्या डोक्यातून निघालेलं नाही एवढं मला कळतं.

मी मागच्या गुरुवारी ठाण्यात गेलो. दाखला दिला. जबाब लिहून दिला. माझी पत्नी सप्टेंबर २०२४ मध्ये मरण पावली. ही इमारत तिने जिवंतपणी नाकारली होती. तिच्यानंतर ऑफिस तिचा भाऊ व्हिव्हियन पाहत होता, त्याची नोंदणी नव्हती, तिचा क्रमांक तो वापरत होता. हे सगळं मी हवालदाराला न अडखळता सांगितलं. मला वाटत होतं जीभ उचलणार नाही. उचलली.

मग त्याने विचारलं, फोनवर त्यांच्या नावाने कोण बोलत होतं.

मी उत्तर दिलं नाही. त्याने परत विचारलं नाही. त्याने लिहिलं, ‘सांगता येत नाही’. वाचून दाखवलं तेव्हा मी ते बदलायला लावलं नाही. खाली सही केली. तुमच्या मुलांसाठी मला एवढंच करता आलं, आणि ते बरोबर केलं की नाही ते मला ठाऊक नाही. स्वप्नाबाईंना ताई म्हणणारी बाई कोण होती हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं होतं. सुझानला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर तिला अडवू नकोस.

नोंदणी रद्द करायलाही कळवलं आहे. दाखल्याची प्रत पाठवली. पोहोचल्याचं उत्तर आलं. त्यात वर ‘श्रीमती ॲंजेला रुमाव यांस’ असं होतं.

ठाण्यातून मी सातिवलीला गेलो. त्या लोकांना सांगावं असं वाटलं. निम्मी इमारत रिकामी झाली होती. स्वप्नाबाई स्वयंपाकघरातली मांडणी भिंतीवरून काढत होत्या, श्रीरंगरावांनी खालून धरली होती. मी जबाबाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. श्रीरंगराव म्हणाले, बरं केलंत. मी एक टोक धरलं आणि आम्ही ती मांडणी जिन्यातून खाली आणली. खाली आल्यावर स्वप्नाबाईंनी मला विचारलं, “इकडे कुठे दोन खोल्या भाड्याने मिळतील का हो? तुमच्या मिसेस असत्या तर त्यांनाच विचारलं असतं.” टोमणा नव्हता. मला एकही पत्ता सांगता आला नाही. मला घरांतलं काही कळत नाही.

काल मृतांचा दिवस. कबर मी सकाळीच धुतली. संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरली होती. आई रेजिनाबाईंच्या हाताला धरून आली. तुझ्या बाबांच्या कबरीवर फुलं ठेवली, ॲंजेलाच्या कबरीवर ठेवली, आणि मी पुढे झालो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “एकदा माती दिली आपण तिला. तू परत दिलीस.” रेजिनाबाईंना काही माहीत नाही, त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तू आला नाहीस. सुझानही नाही. फादर नावं वाचत होते. तिचं नाव आलं तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी ते ऐकायला बरं वाटेल, कोणाच्या फसवणुकीत नसलेलं. तसं काही वाटलं नाही. नुसतं नाव होतं. पुढचं नाव आलं.

तू सुटणार नाहीस असं वकील म्हणतात. मी एका वकिलांना भेटलो आहे, तुझ्यासाठी. ते पापडीला बसतात, आपल्याच लोकांतले आहेत. त्यांना जाऊन भेट, आधी जा, पोलीस येण्याची वाट बघू नकोस. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल. मुलांच्या शाळेचं मी बघीन. शाळेत त्यांना कोणी काही बोलणार नाही एवढं माझ्या हातात आहे, बाकी काही नाही. आईला माझ्याकडे ठेवायला मी तयार आहे, पण ती येणार नाही.

तुझ्याबद्दल मी कोणाला वाईट सांगत नाही. लोक विचारतात. मी म्हणतो, बहिणीवर त्याचा जीव होता. तो होताच.

हे पत्र तू फाडशील. फाडण्याआधी आईच्या गोळ्यांचं लक्षात ठेव.

ॲंजेलाचा नवरा,
क्लेमेंट